आईचं कॅलेंडर भावंडांत शेअर करायचंय? तुमचं स्वतःचं शेअर करू नका

प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात सांगते. विचारणारे दादा कांदिवलीला राहतात, मोठा भाऊ आणि वहिनी डोंबिवलीला, धाकटी बहीण न्यू जर्सीला, आणि आई गोरेगावला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीन दिवस फिजिओ येतो, दिवसा आया असते, शिवाय डॉक्टर, रक्त तपासणी वगैरे चालूच. ह्यांनी काय केलं, स्वतःचं गुगल कॅलेंडर सगळ्यांना शेअर करून टाकलं, सगळ्या परवानग्यांसकट. मग वहिनीने फॅमिली ग्रुपवरच विचारलं, भाऊजी मंगळवारी साडेअकराला 'एचआर, राजीनामा' असं काय लिहिलंय? मोठ्या भावाच्या आयफोनवर काही दिसतच नाही, म्हणून एका बुधवारी तो आईला रक्त तपासायला घेऊन गेला, आयाही सोबत गेली आणि फिजिओ कुलूप बघून परत. बहिणीला सगळं दिसतं पण आठवणीची घंटी वाजत नाही. आणि परवा वहिनीने एक बुधवार रद्द केला तर पुढचे-मागचे सगळेच फिजिओ गायब.

दादा, तुमच्या एका घरात मला आख्खा सिलॅबस मिळाला. मी २००४ मध्ये नरिमन पॉइंटला सेक्रेटरी म्हणून लागले तेव्हा साहेबांची डायरी, शिसपेन्सिल आणि खोडरबर एवढंच होतं, मग आउटलुक आलं, मग बीकेसीत गेले तिथे गुगल. आयुष्य दुसऱ्यांची कॅलेंडरं सांभाळण्यात गेलं, आता दोनचार डॉक्टरांची क्लिनिकं आणि ओळखीतली घरं लावून देते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

मुळात घोळ इथे आहे की तुम्ही स्वतःचं कॅलेंडर शेअर केलंत. करायचं असतं ते कामाचं. म्हणजे 'आई' नावाचं एक नवीन, रिकामं कॅलेंडर काढायचं आणि फक्त तेच शेअर करायचं. एका गुगल अकाउंटमध्ये अशी बरीच कॅलेंडरं काढता येतात हे खूप लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं मेल आयडी एक म्हणजे कॅलेंडर एक. तसं नाहीये. तुमच्या नावाचं जे आपोआप मिळतं त्यात तुमचं ऑफिस, दात, मित्राची पार्टी, राजीनामा सगळं असतं, आणि ते शेअर करणं म्हणजे कपाट आवरण्यासाठी मदत हवी म्हणून घराच्या सगळ्या किल्ल्या वाटण्यासारखं आहे.

करायचं कसं, तर कंप्युटरवर ब्राउझरमध्ये गुगल कॅलेंडर उघडा, फोनच्या ॲपच्या नादी लागू नका, शेअरिंगची कामं ब्राउझरमध्येच नीट होतात. डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'च्या बाजूला अधिकचं चिन्ह आहे, त्यात 'क्रिएट न्यू कॅलेंडर'. नाव 'आई', टाइमझोन भारताचा आहे ना तेवढं बघा (ह्यावर पुढे बोलते, बहिणीमुळे महत्त्वाचं आहे). झालं की त्या नावावर माउस नेऊन तीन टिंबं, 'सेटिंग्ज अँड शेअरिंग', आणि तिथे माणसांचे मेल आयडी.

थांबा, हे कुठल्या अकाउंटमधून करताय? तुमच्या त्या मंगळवारच्या मीटिंगवरून विचारते, रागावू नका. ऑफिसच्या आयडीवर असाल तर अजिबात तिथे काढू नका. एक तर बऱ्याच ऑफिसांत ॲडमिनने बाहेरच्या माणसाला नुसतं 'बिझी' एवढंच दिसेल अशी सोय करून ठेवलेली असते, मग तुम्ही कितीही परवानग्या द्या, वहिनीला राखाडी डबे दिसणार. आणि दुसरं म्हणजे तुम्ही नोकरी सोडली की अकाउंट बंद, आणि त्याच्याबरोबर आईचा फिजिओसुद्धा. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय, एक मुलगी सोडून गेली आणि तिने काढलेलं ऑफिसच्या गाड्यांचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात कुणालाच सापडेना, ड्रायव्हर मला विचारतायत मॅडम आज एअरपोर्टला कोण. तेव्हा घरचं काम घरच्या जीमेलवर.

आता परवानग्या. गुगलमध्ये चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त वेळ भरलेली की रिकामी तेवढं दिसतं. दुसरीत सगळा तपशील दिसतो पण हात लावता येत नाही. तिसरी 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स', म्हणजे घालणं, बदलणं, काढणं. चौथीत ह्या सगळ्याबरोबर दुसऱ्यांना शेअर करण्याचाही हक्क जातो. लोक प्रेमापोटी सरळ चौथी देतात, आपलीच माणसं आहेत म्हणून. आपलीच माणसं असतात हो, पण आपल्याच माणसाचा अंगठा चुकीच्या जागी पडतो. मोठ्या भावाला किंवा वहिनीला, दोघांपैकी जे खरंच आईकडे जातात त्यांना तिसरी द्या. बहिणीला तिसरी. आत्या, मामा, शेजारच्या काकू ह्यांना काही देऊ नका, त्यांनी फोन करून विचारावं, आईला बरं वाटतं तेवढंच.

इथे एक गोष्ट सांगते जी साहेबलोकांनासुद्धा माहीत नसते. इव्हेंटला 'प्रायव्हेट' करता येतं, तर लोकांना वाटतं आता कुणालाच दिसणार नाही. ज्याला बदल करायची परवानगी आहे त्याला प्रायव्हेटही दिसतं. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्यांना दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्यांना दिसतं. माझ्या एका साहेबांनी (कंपनी कुठली ते जाऊ दे) दुसऱ्या कंपनीतल्या इंटरव्ह्यूची वेळ अशीच प्रायव्हेट करून ठेवली होती, आणि त्यांचं कॅलेंडर सांभाळायचे मी. मी त्या दिवशीच्या त्यांच्या दोन मीटिंगा हळूच पुढे ढकलल्या, गाडी सांगून ठेवली आणि तोंड बंद ठेवलं. महिनाभराने ते सोडून गेले तेव्हा निघताना म्हणाले, तुला कळलं होतं ना? मी बोलले, सर, मला काहीच माहीत नव्हतं. पण प्रत्येक घरात वहिनी अशा नसतात.

शेअर केलं की समोरच्याला मेल जातो, त्यात 'ॲड दिस कॅलेंडर' अशी लिंक असते, ती त्याने दाबायलाच लागते. निम्मी माणसं तो मेल उघडतच नाहीत आणि मग म्हणतात दिसत नाही. तुमच्या भावाला आधी हे विचारा. पण आयफोनचा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. तो बहुतेक ॲपलचं स्वतःचं कॅलेंडर वापरत असेल, त्यात जीमेल अकाउंट टाकलेलं, म्हणजे त्याचं स्वतःचं गुगल कॅलेंडर येतं पण दुसऱ्याने शेअर केलेलं आपोआप येत नाही. त्यासाठी गुगलचं 'सिंक सिलेक्ट' म्हणून एक पान आहे, ब्राउझरमध्ये त्याच्याच आयडीने उघडायचं, कॅलेंडरांची यादी येते, 'आई'वर टिक करायची, सेव्ह करायचं, मग थोड्या वेळाने फोनमध्ये उगवतं. एवढी खटपट नको असेल तर सरळ गुगल कॅलेंडरचं ॲप आयफोनवर टाका, मी बहुतेकांना हेच करायला लावते, भांडण कमी. अँड्रॉइडवर दिसत नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरच्या नावावर जाऊन 'सिंक' चालू आहे का बघायचं, आणि डाव्या मेनूत त्याच्यापुढची टिक आहे का. टिक गेलेली असते, बाकी काही नसतं.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की ॲपलचं किंवा गुगलचं फॅमिली ग्रुप बनवा, त्यात फॅमिली कॅलेंडर आपोआप मिळतं. मिळतं खरं, दोन्हीकडे सहा माणसांपर्यंत. पण ॲपलवालं तुमच्या अँड्रॉइडला काही कामाचं नाही, आणि गुगलच्या फॅमिलीत सगळे एकाच देशात राहणारे लागतात, म्हणजे बहीण बाद. साधं वेगळं कॅलेंडरच बरं.

आता घंटी. शेअर केलं म्हणजे आठवण पण शेअर झाली असं नसतं. तुम्ही इव्हेंटला 'एक तास आधी' लावलंत ते फक्त तुमच्या फोनवर वाजतं. प्रत्येकाने आपापल्या सेटिंगमध्ये 'आई' ह्या कॅलेंडरसाठी आपापलं नोटिफिकेशन लावायचं असतं, 'इव्हेंट नोटिफिकेशन्स' वेगळं आणि दिवसभराच्या इव्हेंटचं वेगळं. डोंबिवलीहून येणाऱ्याला एक तास आधी वाजून काय उपयोग, दादरला गाडी बदलून गोरेगावला पोचायलाच दीड-दोन तास जातात, त्याने आदल्या रात्रीचं आणि तीन तास आधीचं लावावं. तुम्ही कांदिवलीला, तुम्हाला एक तास पुरे. तिथेच खाली 'अदर नोटिफिकेशन्स' आहे, कुणी नवीन घातलं, बदललं, रद्द केलं तर मेल येईल असं करता येतं, ते तिघांनीही चालू ठेवा, म्हणजे फिजिओची वेळ बदलली हे व्हॉट्सॲपवर वेगळं सांगायची गरज राहत नाही. (तरी सांगाल, माहितीये मला.)

आणि हो, 'टास्क' वापरू नका आईच्या कामांसाठी. औषधं आणायची असं टास्क म्हणून टाकलंत तर ते तुम्हाला कॅलेंडरवर छान दिसतं आणि दुसऱ्या कुणालाही दिसत नाही, टास्क शेअर होत नाहीत. मग तुम्ही म्हणणार मी टाकलं होतं, भाऊ म्हणणार दिसलं नाही, आणि दोघेही खरं बोलत असणार. औषध असो नाहीतर बँकेतलं काम, इव्हेंटच करा.

वहिनीने फिजिओ कसा उडवला ते सांगते, तिचा दोष नाही. तीन दिवसांचा फिजिओ तुम्ही एकदाच टाकून रिपीट लावलात, म्हणजे तो गुगलच्या दृष्टीने एकच इव्हेंट आहे, माळेसारखा. त्यातला एक मणी काढायला गेलं की विचारतं, 'दिस इव्हेंट', 'दिस अँड फॉलोइंग इव्हेंट्स' की 'ऑल इव्हेंट्स'. फोनवर घाईत, तेही बहुतेक गाडीत उभं राहून, तिसऱ्यावर बोट पडलं की आख्खी माळ गेली. घाबरू नका, काढलेले इव्हेंट ३० दिवस ट्रॅशमध्ये असतात. कंप्युटरवर वर चक्रावर दाबून 'ट्रॅश'मध्ये जा, 'आई' (किंवा सध्या तुमचं जे कॅलेंडर आहे ते) निवडा, आणि परत आणा. परवाचंच आहे म्हणजे असेलच. पण कुणी आख्खं कॅलेंडरच कायमचं डिलीट केलं तर ह्या ट्रॅशवर भरवसा ठेवू नका. मी महिन्यातून एकदा सेटिंगमधून 'एक्स्पोर्ट' करून फाइल ठेवते, आयसीएस नावाची असते, गुगल असो ॲपल असो आउटलुक असो तिघांनाही ती वाचता येते. ह्या फाइलचा नमुना (इंग्रजीत iCalendar) १९९८ चा आहे, गुगल कॅलेंडर स्वतः आलं २००६ मध्ये, म्हणजे कंपनी बदलली तरी फाइल चालते.

रद्द करण्यापेक्षा मी घरांना एक सवय लावते. काढू नका, नाव बदला. 'फिजिओ' च्या जागी 'रद्द फिजिओ'. मग महिन्याच्या शेवटी फिजिओच्या पैशांचा हिशोब करताना किती दिवस आला नि किती नाही हे मोजता येतं. दुधाच्या खाड्यासारखं.

नावावरून आठवलं, ही माझ्या सगळ्यात कामाची युक्ती. इव्हेंटचं नाव लिहिताना पहिला शब्द कामाचा नाही, माणसाचा. 'डॉक्टरांकडे फॉलोअप, दादा नेणार' असं लिहिलंत तर फोनवर महिन्याच्या चौकटीत फक्त 'डॉक्टर' दिसतं, पुढचं कापलं जातं, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी जातोय. 'दादा: डॉक्टर' असं लिहा. कुणी ठरलेलं नसेल तर 'कोण? डॉक्टर'. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्यात जितके 'कोण?' दिसतील तेवढ्यांवर ग्रुपवर बोलायचं, बाकी आठवडाभर कॅलेंडरबद्दल कुणी बोलायचं नाही. तुमच्या त्या बुधवारी ह्यानेच काम झालं असतं, 'आया: फिजिओ' असं दिसलं असतं तर आयाला बरोबर नेलं नसतं.

रविवारचे इव्हेंट टाकताना ब्लॉक बघून टाका, सेंट्रलचा मेगाब्लॉक आणि वेस्टर्नचा जम्बो ब्लॉक एकाच रविवारी आले तर भाऊ पोचत नाही. मी तर घरातून निघायची वेळ म्हणून वेगळा इव्हेंट टाकते, 'दादा: निघणे'.

बहिणीच्या भानगडीचं आता. तिने आईशी दर शनिवारी व्हिडिओ कॉल स्वतःच्या फोनवरून टाकला असेल, सकाळी ९, तर तो न्यू जर्सीच्या टाइमझोनला बांधला जातो. आपल्याकडे तो उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला दिसतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा. आपल्याकडे घड्याळ हलत नाही म्हणून आपल्याला वाटतं तिने वेळ बदलली आणि आई साडेसहापासून फोन हातात घेऊन बसलेली. नियम असा धरा की काम जिथे घडतं तिथला टाइमझोन. आई गोरेगावला आहे तर इव्हेंट भारताच्या वेळेत, बहिणीने वेळेच्या शेजारी 'टाइमझोन' दाबून कोलकाता निवडायचं, मग वर्षातून दोनदा तिचा कॉल एक तास हलेल, आईचा नाही.

रिपीटच्या बाबतीत अजून एक. 'दरवर्षी' हे इंग्रजी तारखेने चालतं. तुम्ही बाबांची तिथी टाकलीये असं लिहिलंय, ती पुढच्या वर्षी चुकणार. गणपती बघा ना, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. तिथीचं रिपीट काढून टाका, दर वर्षी दिवाळीत नवं कालनिर्णय घरात आलं की त्यात बघून एकेक हाताने टाका, दहा मिनिटांचं काम. बँकेची कामं मात्र रिपीटमध्ये छान बसतात, दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो तर 'कस्टम'मध्ये जाऊन 'महिन्याचा दुसरा शनिवार' असं लावता येतं, चौथ्याचा वेगळा लावायचा.

फिजिओला आख्ख्या कॅलेंडरमध्ये घेऊ नका, त्याच्या इव्हेंटला 'गेस्ट' म्हणून त्याचा मेल टाका, त्याला तेवढंच दिसेल. 'सी गेस्ट लिस्ट'ची टिक काढा, उगाच सगळ्यांचे मेल आयडी कशाला. पण खरं सांगू का, तो मेल बघत नसेल तर हे सगळं फुकट, त्याला आदल्या दिवशी व्हॉट्सॲप करणारा माणूस तिघांतला एकच ठरवा.

आणि 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक' ह्या टिकला चुकूनही हात लावू नका. लोक लिंक पाठवणं सोपं जावं म्हणून हे करतात. ह्या कॅलेंडरात तुमची आई कुठल्या वेळी घरात एकटी आहे हे वेळेसकट लिहिलेलं असणार आहे. तिथेच खाली एक 'सीक्रेट ॲड्रेस' असतो, तो ज्याच्या हातात पडेल त्याला न विचारता सगळं दिसतं, आधीच कुणाला पाठवला असेल तर शेजारच्या 'रिसेट'ने जुना बंद होतो. पत्ता, दाराची किल्ली कुणाकडे, आयाचा नंबर हे तपशिलात लिहू नका. रिपोर्ट ड्राइव्हवरून जोडलात तर त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, कॅलेंडर दिसलं म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

एक माणूस मात्र ह्या सगळ्यात राहिलाच, ती आई. आमच्या एका घरात तिघं मुलं परदेशात, कॅलेंडर असं देखणं की मी फोटो काढून ठेवावा, आणि आजी रोज आयाला विचारायच्या आज कोण येणार गं. मग त्यांच्या मुलाला महिन्याचं पान प्रिंट काढायला लावलं, गुगलमध्ये प्रिंट आहेच, भाषा मराठी केली तर वारही मराठीत येतात. ते कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला. आजींनी पहिल्याच दिवशी पेन्सिलीने त्यावर 'पेपरवाला २ दिवस नाही' लिहिलं आणि एक फिजिओ खोडून खाली लिहिलं, 'त्याची मुलगी आजारी'. ते कुणाच्याही फोनमध्ये नव्हतं. तेव्हापासून त्या घरातली आया रविवारी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकते आणि त्यातून कॅलेंडर दुरुस्त होतं. तुम्हीही कांदिवलीतून येताजाता महिन्याला एक प्रिंट नेऊन लावा, टाचणीबरोबर पेन्सिल बांधून.

आजचं काम एवढंच करा, आधी ट्रॅशमधून फिजिओ परत आणा, मग नवीन 'आई' कॅलेंडर बनवून तिघांना शेअर करा, आईचे इव्हेंट एकेक उघडून त्यात कॅलेंडरच्या नावाच्या जागी 'आई' निवडून सेव्ह करा म्हणजे ते तिकडे जातात, आणि सगळं गेलं की तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरच्या शेअरिंगमध्ये जाऊन तिघांच्याही नावापुढची फुली दाबा. ह्याच क्रमाने, नाहीतर मधल्या दोन दिवसांत कुणालाच काही दिसणार नाही. राजीनाम्याचा इव्हेंट त्याआधी काढला तरी चालेल. वहिनीला काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.